विश्लेषण : वाचनालयात मोफत संगणक येतो, पण तो चालू कोण ठेवणार?

अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन आणि तलाठ्याची परीक्षा थेट संगणकावर. मात्र त्यासाठी लागणारा संगणक राज्यातल्या बहुतेक घरांत नाही. तो गावच्या वाचनालयात सर्वांना मोफत मिळावा, ही मागणी जुनीच आहे. अनेक वाचनालयांत संगणक आलेही. फीत कापली गेली, फोटो निघाले आणि दोन-तीन वर्षांत त्यांवर कापड टाकले गेले. असे का होते? आणि ते टाळायला नेमके किती पैसे लागतात?

मोबाइल असताना संगणक कशाला?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि तो चुकीचाही नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. संगणकाचे चित्र वेगळे आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) देशातील १०.७ टक्के कुटुंबांकडेच संगणक आढळला. शहरांत हे प्रमाण २३.४ टक्के होते, तर गावांत अवघे ४.४ टक्के. ही आकडेवारी करोनापूर्वीची आहे. त्यानंतर लॅपटॉप वाढले असतील, तरी शंभरातल्या चार-पाच घरांवरून मजल फार लांब गेली असेल असे मानायला जागा नाही.

फोनवर बातमी वाचता येते, पैसे पाठवता येतात. पण सही ठरावीक केबीच्या आत बसवणे, जातीचा दाखला आणि गुणपत्रक एकाच पीडीएफमध्ये जोडणे, दहा पानांचा अर्ज भरताना मध्येच ‘सेशन’ संपल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करणे, हे सहा इंचांच्या पडद्यावर करून पाहिलेल्यांना अधिक सांगायला नको.

त्याहून गंभीर बाब परीक्षेची आहे. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक उमेदवार होते आणि तीही परीक्षा संगणकावरच झाली. लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द यावे लागते. फोनच्या कीबोर्डवर अंगठ्याने कितीही वेगाने मराठी लिहिता आले, तरी त्याचा इथे उपयोग शून्य. परिणामी दोन वर्षे अभ्यास केलेला मुलगा किंवा मुलगी माऊसला पहिल्यांदा हात लावते ती थेट परीक्षा केंद्रावर, घड्याळ सुरू झाल्यानंतर. गुणवत्ता यादीत त्याची नोंद कुठेच होत नाही.

सेतू आणि ई-सेवा केंद्रे आहेत की!

आहेत, आणि त्यांनी मोठे काम केले आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याला चार खेपा घालण्याचे दिवस त्यांच्यामुळे कमी झाले. पण त्या केंद्रात कीबोर्ड चालकाच्या हातात असतो आणि नागरिक टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा असतो. वाचनालयातल्या संगणकाची कल्पना याच्या उलट आहे.

या फरकाचे परिणाम छोटे नाहीत. घाईत अर्जावर केंद्रचालकाचाच मोबाइल क्रमांक किंवा ईमेल टाकला जातो. मग पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्याकडे आणि ‘त्रुटी पूर्तता करा’ हा संदेशही त्याच्याच फोनवर. हंगामात त्याच्याकडे असे शेकडो अर्ज असतात. एखादा संदेश नजरेतून सुटला तर दोष नेमका कोणाचा? शिवाय प्रत्येक दुरुस्तीचे, प्रत्येक प्रिंटचे पैसे मोजावे लागतात. मजुरीवर जाणाऱ्या घरात एका मुलाच्या प्रवेशप्रक्रियेत हा आकडा बघता बघता दिवसभराच्या रोजगाराइतका होतो. कायद्याप्रमाणे ठरलेले शुल्क घेणारे प्रामाणिक केंद्रचालकही भरपूर आहेत. पण शिकवणे हे त्यांचे काम नाही आणि रांग लागलेली असताना त्यांच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

मग वाचनालयच का?

कारण जागा, टेबल, खुर्ची, कुलूप आणि एक जबाबदार माणूस या पाच गोष्टी तिथे आधीच आहेत.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेली सुमारे ११ हजार ग्रंथालये राज्यात आहेत. ती सरकारी नाहीत; बहुतेक स्थानिक संस्थांनी, काही तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी, लोकवर्गणीतून उभी केली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. सरकार त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार वार्षिक अनुदान देते.

या वाचनालयांत एक शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पुस्तक घरी न्यायचे तर वर्गणी भरून सभासद व्हावे लागते, पण वर्तमानपत्रांच्या टेबलावर कोणीही येऊन बसावे. तिथे कोणी पावती विचारत नाही. निवृत्त शिक्षक आणि हमाली करणारा तरुण एकाच पेपरची पाने वाटून घेतात. संगणकाची जागा याच टेबलाच्या शेजारी हवी, सभासदांच्या कपाटामागे नको. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यातही, १९९४ च्या आणि २०२२ मध्ये सुधारलेल्या दोन्ही आवृत्त्यांत, ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः विनामूल्य असावी असे म्हटले आहे.

आणखी एक कारण बोलले कमी जाते. गावातली मुलगी सायबर कॅफेत तासभर बसली तर घरात प्रश्न विचारले जातात. वाचनालयात किंवा अभ्यासिकेत बसली तर सहसा विचारले जात नाहीत.

तरीही संगणक बंद का पडतात?

याचे उत्तर हिशेबात आहे. राज्य सरकारने २०२२ मध्ये ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर केली. त्याआधीची वाढ झाली होती दहा वर्षांपूर्वी. या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. यात ग्रंथपालाचे मानधन, पुस्तके, नियतकालिके, वीज आणि झाडलोट, सगळे बसवायचे.

आता यात पाच संगणक ठेवून पाहू. जुना डेस्कटॉप पडद्यासह साधारण १०० वॉट वीज घेतो. पाच यंत्रे, रोज आठ तास, म्हणजे दिवसाला चार युनिट आणि २५ दिवसांचे १०० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी बिल एक हजाराने वाढले. ब्रॉडबँडचे सातशे रुपये धरा. १,७०० रुपये गेले. चार हजारांतले ४० टक्क्यांहून अधिक पैसे संपले आणि अजून एकही पुस्तक घेतलेले नाही, ग्रंथपालाला एक रुपया दिलेला नाही. अशा वेळी समितीचे सचिव संगणकाचा प्लग काढून ठेवतात. त्यांना दोष देता येत नाही.

गंमत अशी की संगणक विकत घ्यायला पैसे तुलनेने सहज मिळतात. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना आहेत. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालये उभारण्याचा स्पष्ट उल्लेख असल्याने सीएसआरचा मार्गही मोकळा आहे. लोकप्रतिनिधींचे निधी आहेत. पण हे सगळे पैसे वस्तूसाठी असतात. खासदार निधीच्या नियमांत तर टिकाऊ मालमत्ता उभारा, आवर्ती खर्चाला पैसे मिळणार नाहीत, असेच धोरण आहे. वस्तू देणाऱ्याचे नाव पाटीवर लागते. वीजबिल भरणाऱ्याचे नाव कुठल्याच पाटीवर लागत नाही.

बंद पडण्याची सुरुवात बहुधा यूपीएसच्या बॅटरीपासून होते. ती दोन-तीन वर्षांत बसते. भारनियमन असलेल्या गावात मग संगणक दिवसातून चार वेळा धाडकन बंद होतो आणि हार्ड डिस्क जाते. दुरुस्तीला माणूस तालुक्याहून येणार, त्याचे पैसे कुठल्या शीर्षाखाली टाकायचे हे ठरत नाही. यंत्र डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेले असते, त्यामुळे टाकून देता येत नाही. निर्लेखनाची प्रक्रिया करायची कोणी? म्हणून कापड.

सॉफ्टवेअरचेही तसेच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार संपला. सात-आठ वर्षांपूर्वी देणगीत मिळालेल्या अनेक यंत्रांवर ‘विंडोज ११’ चढतच नाही. ती भंगारात काढण्याची गरज मात्र नाही. केरळच्या सरकारी शाळांनी वर्षानुवर्षे लिनक्सवर आधारित मोफत प्रणाली वापरून परवान्यांचा खर्च वाचवला आहे. ब्राउझर, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आणि पीडीएफ जोडण्याचे साधन एवढेच लागणार असेल, तर जुन्या यंत्रात थोडी रॅम आणि एसएसडी टाकून आणखी चार वर्षे सहज काढता येतात.

आणि ग्रंथपाल? ‘ड’ वर्गातला ग्रंथपाल अर्धवेळ, तुटपुंज्या मानधनावर. त्याने संगणकाचेही बघावे, हे म्हणणे सोपे आहे. यंत्र बिघडले तर जबाब त्याला द्यावा लागतो, चालले तर कौतुक त्याचे होत नाही. खोलीला कुलूप लावणे हा त्याच्यासाठी सगळ्यात सुरक्षित निर्णय ठरतो.

इतरांनी काय केले?

‘यंत्र देऊन मोकळे होणे’ हा आजार फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनने २००२ पर्यंत लॉटरीच्या उत्पन्नातून दहा कोटी पौंड खर्चून ‘पीपल्स नेटवर्क’ उभारले. चार हजारांहून अधिक ग्रंथालयांत सुमारे ३० हजार संगणक बसले आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वेगळे दोन कोटी पौंड ठेवले. योजना गाजली. पुढे यंत्रे बदलण्याचा आणि चालवण्याचा भार स्थानिक परिषदांवर आला. २०१० नंतर त्यांचेच बजेट कापले गेले तेव्हा शेकडो ग्रंथालये बंद झाली आणि काही ठिकाणी पहिल्या तासानंतर संगणकाला शुल्क लागू झाले.

अमेरिकेत बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाने १९९७ पासून हजारो ग्रंथालयांना संगणक दिले. त्यावर तिथला कार्यक्रम उभा राहिला हे खरे, पण तो टिकायला मदत झाली ती एका रूक्ष तरतुदीची. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून आलेल्या ‘ई-रेट’ योजनेत शाळा-ग्रंथालयांना इंटरनेटच्या बिलावर २० ते ९० टक्के सवलत मिळते. परिसर जितका गरीब, तितकी सवलत जास्त. दूरसंचार कंपन्यांच्या अंशदानातून तो निधी दरवर्षी जमतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१० च्या अभ्यासानुसार, वर्षभरात ७ कोटी ७० लाख लोकांनी ग्रंथालयातला संगणक किंवा वायफाय वापरला होता. १४ वर्षांवरील दर तीन अमेरिकनांपैकी जवळपास एक. घरोघरी संगणक असलेल्या देशातली ही गोष्ट आहे.

इतक्या लांब जायचे नसेल तर सीमेपलीकडे कर्नाटक आहे. तिथल्या साडेपाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालयांची जबाबदारी २०१९ मध्ये ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे गेली आणि त्यानंतर ‘अरिवू केंद्र’ म्हणून त्यांतल्या अनेकांचे रूप बदलले. मुळात १९६५ च्या कायद्यानुसार तिथे स्थानिक करांवर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे. गोव्याने तर मद्यावरील अधिभारातून ग्रंथालयांसाठी पैसे उभे करण्याची तरतूद केली. पिणाऱ्यांनी वाचणाऱ्यांची सोय करावी, ही योजना विनोदी वाटली तरी वाईट नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात मात्र असा उपकर नाही. सगळी मदार वार्षिक अनुदानावर, आणि ते वाढायला दहा-दहा वर्षे लागतात.

खरा खर्च किती?

राज्यात ३५८ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात एक बऱ्यापैकी चालणारे ‘अ’ किंवा ‘ब’ वर्गाचे वाचनालय निवडले आणि तिथे पाच संगणक ठेवले, असे समजू. सगळ्या ११ हजार वाचनालयांत एकदम संगणक देण्याची घोषणा ऐकायला चांगली असेल, पण तिचे काय होणार हे वरच्या हिशेबावरून दिसतेच.

एका वाचनालयाचा महिन्याचा अंदाज असा मांडता येतो. वीज १,००० रुपये, इंटरनेट ७००, दुरुस्ती आणि बॅटरी ७००. तीस हजारांचा एक संगणक सहा वर्षे चालेल असे धरून पाच यंत्रांच्या बदलीसाठी दरमहा सुमारे २,१०० रुपये बाजूला. उरलेली मोठी रक्कम माणसाची : रोज चार तास बसणाऱ्या सहायकाला ८,०००. एकूण १२,५००, म्हणजे वर्षाला दीड लाख. ३५८ तालुक्यांचे मिळून सुमारे पाच कोटी ३७ लाख रुपये.

राज्यातील एका आमदाराचा वर्षाचा स्थानिक विकास निधी पाच कोटी रुपये आहे. अख्ख्या राज्याचा हा आवर्ती खर्च त्याहून थोडाच जास्त भरतो. अंदाज दुप्पट चुकला तरी दोन आमदारांच्या निधीइतकाच.

यातली माणसाची रक्कम कापून ‘बचत’ दाखवण्याचा मोह नक्की होईल. तो टाळायला हवा. संगणक चालू ठेवतो तो माणूस. पहिल्यांदा आलेल्या बाईंना माऊस कसा धरायचा ते सांगणारा, अर्जाच्या शेवटच्या पानावर ‘सबमिट’ दाबण्याआधी एकदा तपासायला लावणारा तोच. तालुक्यातल्याच एखाद्या बीसीए किंवा डिप्लोमा झालेल्या मुलीला हे काम अभ्यास सांभाळून करता येईल. यंत्रे आमदार निधीतून किंवा सीएसआरमधून येऊ देत, त्याला हरकत नाही. पण अनुदानाच्या सूत्रात ‘सार्वजनिक संगणक’ हे स्वतंत्र शीर्ष हवे आणि त्यातला पैसा पुस्तकांच्या पैशात मिसळू नये. नाहीतर पुस्तके आणि संगणक एकमेकांच्या तोंडचा घास काढतील.

गैरवापराचे काय?

मुले गेम खेळतील, रील्स बघतील, ही भीती प्रत्येक समितीच्या बैठकीत व्यक्त होते. खेळतीलही थोडी. पडदे खोलीकडे तोंड करून ठेवले, एका माणसाला एका वेळी ४५ मिनिटे दिली आणि अर्ज-परीक्षेच्या कामाला प्राधान्य ठेवले, तर हा प्रश्न उरतो तितका मोठा नाही.

मोठा प्रश्न खासगी कागदपत्रांचा आहे. सार्वजनिक संगणकाचे ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडले की अनोळखी लोकांची आधार कार्डे, बँक पासबुके आणि गुणपत्रके दिसतात, हा सायबर कॅफेंतला सर्रास अनुभव. सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवणे टाळा, उतरवलेच तर प्रत पूर्ण पुसून टाका, असा सल्ला आधार प्राधिकरणानेच दिला आहे. यावर तांत्रिक उपाय सोपा आणि फुकट आहे. ‘गेस्ट सेशन’ लावायचे. वापरणारा उठला की फाइल, पासवर्ड, ब्राउझरचा इतिहास सगळे आपोआप पुसले जाते. हे एकदा करायला तासाभराचे काम आहे. पण ते करायचे हे कोणीतरी ठरवायला हवे.

नोंदवहीचाही मुद्दा आहे. सायबर कॅफेंसाठी २०११ चे नियम आहेत. ओळखपत्र पाहणे, वापराची नोंद किमान एक वर्ष जपणे, अश्लील मजकूर रोखणारे फिल्टर बसवणे, अशा त्यांतल्या अटी. ते नियम व्यवसाय म्हणून इंटरनेट देणाऱ्यांसाठी लिहिलेले आहेत. मोफत सेवा देणाऱ्या वाचनालयाने नाव, वेळ आणि यंत्राचा क्रमांक एवढी नोंद ठेवली तर ते शहाणपणाचे. आधारची झेरॉक्स मागून ती टेबलाच्या खणात टाकणे मात्र नवी जोखीम ओढवून घेणे होय.

थोडे शुल्क घेतले तर?

‘फुकटाची किंमत राहत नाही, पाच रुपये तरी घ्या,’ असे सुचवले जाते. प्रिंटसाठी कागद-शाईपुरते पैसे घेणे ठीक आहे. बसण्यासाठी मात्र घेऊ नयेत. दिवसाला २० माणसे आली आणि प्रत्येकी पाच रुपये दिले तरी महिन्याला अडीच हजारच जमतात. साडेबारा हजारांच्या खर्चात त्याने फार फरक पडत नाही. उलट पावतीपुस्तक, सुट्टे पैसे आणि हिशेब तपासणीचा ताप वाढतो. आणि पाच रुपयांनी जो परत जाईल, तो नेमका ज्याच्यासाठी हे सगळे करायचे तोच असेल.

राहता राहिली वेळ. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ अशी अनेक वाचनालयांची जुनी वेळ आहे. नोकरदार वाचकांना ती सोयीची, पण दुपारी कॉलेज सुटल्यावर एसटीची वाट बघत बसणाऱ्या मुलांना दार बंदच दिसते. सहायकाचे चार तास १२ ते ४ असे लावले, तर त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर, वाचकांची कुठलीही वेळ न मोडता संगणक सुरू राहू शकतात. प्रवेश आणि भरतीच्या हंगामात, म्हणजे साधारण मे ते जुलै, साप्ताहिक सुट्टीही या खोलीपुरती बाजूला ठेवावी लागेल. तेवढा ठराव संस्थेची कार्यकारिणी आजही करू शकते. त्याला मंत्रालयातून परवानगी लागत नाही.